‘स्वामी’ पुन्हा वाचली : प्रेमकथा म्हणून ती कितपत टिकते?

सांजवात

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यासाठी रणजित देसाईंची ‘स्वामी’ निवडली आहे. चर्चेची सुरुवात मला करायची आहे, त्यामुळे आधी इथे काथ्याकूट करून घेते.

‘स्वामी’ आली १९६२ साली, १९६४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हापासून घरोघरी ती ‘माधवराव-रमाबाईंची कथा’ म्हणूनच वाचली जाते. पानिपत, हैदर, निजाम हे सगळं मागच्या पडद्यावर, आणि पुढे हे जोडपं. म्हणून मला तिच्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हणून नव्हे, तर आधी प्रेमकथा म्हणून बघायचं आहे.

प्रेमकथेत अडसर लागतो. जात, घराणं, सावत्र आई, दुसरी बाई, काहीतरी. इथे लग्न लहानपणीच झालेलं, नवरा-बायकोचं एकमेकांवर प्रेम, तिसरं माणूस कोणी नाही. अडसर आहे तो वेळेचा. माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली १७६१ मध्ये, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. थेऊरला वारले १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वय सत्तावीस. मधली अकरा वर्षं निजाम, हैदर, नागपूरकर भोसले आणि सख्खा काका यांनी वाटून घेतली. जो काही संसार झाला तो दोन मोहिमांच्या फटीत, आणि शेवटी आजारपणात. देसाईंनी ही फट ओळखली, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं यश वाटतं. दोघांना निवांतपणा मिळालाच आहे असं वाटेपर्यंत काहीतरी आड येतं, आणि वाचणारा चिडतो, कारण त्यालाही अजून थोडं हवं असतं.

आता तक्रार. शेवट. रमाबाई सती जातात हा इतिहास आहे, तो बदलता येणार नाही. पण कादंबरी तो प्रसंग प्रेमाचा कळस म्हणून उभा करते. सगळी लेखणी त्या बाजूला झुकलेली आहे. लहानपणी वाचताना हे जाणवलं नव्हतं, या वेळी अंगावर आलं. प्रश्न असा की तो शेवट बाजूला ठेवला तर प्रेमकथा उरते का? की आपण इतकी वर्षं शेवटाच्या जोरावरच तिला प्रेमकथा म्हणत आलो?

मनमोकळं लिहा. फक्त ‘माझी आवडती कादंबरी, काही बोलायचं नाही’ एवढंच लिहू नका :)

जुनाजाणता

माझी आवडती कादंबरी. काही बोलायचं नाही.

(कृपया हलके घ्या.)

तिरकस

उरते की. पण मग ती दोनशे पानांत संपली असती.

घाटमाथा

सांजवातताई, धागा छान. पण मला एक वेगळंच म्हणायचं आहे. या पुस्तकातली खरी प्रेमकथा माधवराव आणि रमाबाईंची नाहीच. ती काका-पुतण्याची, राघोबादादा आणि माधवरावांची आहे.

बघा ना. नोव्हेंबर १७६२, आळेगाव. घरची दोन सैन्यं समोरासमोर. दौलत फुटू नये म्हणून पुतण्या स्वतः होऊन काकाच्या गोटात जातो, शरण जातो. जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवनला गोदाकाठी निजामाच्या फौजेने दादासाहेबांना घेरलेलं असताना हाच पुतण्या चालून जातो आणि लढाई फिरवतो. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या लढाईत पडला. पुढे १७६८ मध्ये धोडपला त्याच काकाला पकडून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावं लागतं. आणि मरणाच्या दारात असताना धाकटा भाऊ नारायणराव याला सांभाळा म्हणून पुन्हा काकालाच सांगायची वेळ येते.

रुसवा, फसवणूक, माफी, पुन्हा फसवणूक, तरीही माया. प्रेमकथेला लागणारं सगळं सामान या नात्यात आहे. रमाबाईंच्या बाजूने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच सूर लागलेला आहे, त्यात चढउतार नाही. राघोबादादा मात्र दर पन्नास पानांनी वेगळे दिसतात.

आणि वाचकाला माहीत असतं की ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचं काय झालं. कादंबरी तिथवर जात नाही, पण थेऊरचा तो भाग वाचताना ते डोक्यात असतंच.

सांजवात

घाटमाथा, ‘एकच सूर’ हे अगदी पटलं. रमाबाई कधी चिडत का नाहीत, हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

मोडीवाचक

चिडत नाहीत कारण कागदांत त्या फारशा बोलतच नाहीत.

थोडं सविस्तर लिहितो. पेशवे दप्तरातले निवडक कागद रियासतकार सरदेसाईंच्या देखरेखीखाली १९३०च्या दशकात छापले गेले, पंचेचाळीस खंड. माधवरावांच्या काळावर त्यात भरपूर आहे. त्या पत्रांची मराठी वाचून पाहा. मायना झाला की लगेच कामाचं बोलणं : फौज कुठवर आली, मजल कुठे पडली, रसद, चाऱ्याची टंचाई, सावकाराची थकबाकी, कोणाचा वकील काय म्हणाला. माधवरावांच्या आई गोपिकाबाई त्यात ठसठशीत दिसतात, त्या राजकारणात होत्याच. दादासाहेबही दिसतात. रमाबाई मात्र राजकारणाच्या कागदांत अगदी कमी, आणि येतात त्याही उल्लेखापुरत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं हे सांगणारं त्यांचं स्वतःचं काही आपल्यापुढे नाही.

म्हणजे कादंबरीकाराला इथे जवळजवळ कोरी पाटी मिळाली. राघोबादादांबद्दल लिहिताना कागद सारखा आडवा येतो, म्हणून ते पात्र गुंतागुंतीचं होतं. रमाबाईंच्या बाबतीत आडवं येणारं काही नाही, म्हणून त्या आदर्श झाल्या. घाटमाथा म्हणतात त्या एकसुरीपणाचं मूळ मला तरी इथे दिसतं. वाटेल ते लिहायची मोकळीक मिळाली की लेखक बहुधा आपल्या काळाला आवडेल तेच लिहितो.

कादंबरीतले संवाद आणि त्या काळची पत्रं यांचा काही संबंध नाही, हेही नोंदवून ठेवतो. संवाद नाटकाच्या अंगाने जातात. वाईट आहेत असं नाही, कानाला गोड आहेत. पण ‘पेशवाईत असं बोलत असत’ अशी समजूत करून घेऊ नये.

पिवळी_पानं

>> वाटेल ते लिहायची मोकळीक मिळाली की लेखक बहुधा आपल्या काळाला आवडेल तेच लिहितो

हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. वाचनखूण साठवली आहे.

उगाचच

मोडीवाचकांशी असहमत. कादंबरी आहे ती, बखर नव्हे. देसाई तेव्हा चौतिशीत होते. त्या वयाच्या माणसाने सत्तावीस वर्षांच्या मुलाचं मरण लिहिलं आणि साठ वर्षं लोक ते वाचताहेत. कागद दाखवून त्यातली हवा काढणं सोपं आहे. मला रमाबाई खऱ्या कशा होत्या हे जाणून घ्यायचं असतं तर मी दप्तरात गेलो असतो. मला त्या कादंबरीतल्याच हव्या आहेत.

मोडीवाचक

उगाचच, हवा काढत नाही हो. मीही ती तीनचारदा वाचली असेल. पण लोक फोटो टाकतात, ‘माधवराव रमाबाईंना असं म्हणाले होते’ म्हणून कादंबरीतलं वाक्य डकवतात आणि खाली शेकडो नमस्कार पडतात. माझा आक्षेप तेवढ्यापुरता आहे. रामशास्त्र्यांचा प्रसंग घ्या. तरुण पेशवा स्नानसंध्येत आणि जपात गुंतला आहे आणि शास्त्रीबुवा सांगतात की राज्य करा किंवा सगळं सोडून गंगाकाठी जाऊन बसा. ही गोष्ट कादंबरीच्या कितीतरी आधीपासून सांगितली जाते. ती आणि शयनगृहातलं बोलणं या दोन्हींचं वजन सारखं नाही, एवढं वाचणाऱ्याने लक्षात ठेवलं की पुरे.

वाडा_चिरेबंद_नाही

जाता जाता, दूरदर्शनवरची ‘स्वामी’ कोणाला आठवते का? ऐंशीच्या दशकातली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. माझं तर असं झालंय की पुस्तक उघडलं की रमाबाईंना त्यांचाच चेहरा येतो. देसाईंनी वर्णन काय केलंय ते डोळ्यांना दिसतच नाही. मालिकेआधी वाचलेल्यांनी सांगा, तुमच्या रमाबाई कशा होत्या?

जुनाजाणता

आधी वाचलेल्यांतला मी. माझ्या रमाबाईंना चेहराच नव्हता. नथ, हिरवा शालू आणि खाली गेलेली नजर. आता विचार केला तर मोडीवाचक म्हणतात ते यालाच लागू पडतं बहुतेक.

मालिकेने एक चांगलं केलं. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची नटी रमाबाई झाली होती आणि ते वय पडद्यावर दिसत होतं. पुस्तकात दोघंही चाळिशीतल्यासारखी समंजस बोलतात. ही मुलं आहेत हे मला पहिल्यांदा दूरदर्शनने दाखवलं.

डॉ_निवांत

धाग्याचा विषय प्रेमकथा आहे, पण आजाराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

माधवरावांना राजयक्ष्मा होता, म्हणजे क्षय. आतड्यांचा क्षय असावा असं सांगतात. आतड्यांचा क्षय हा फार केविलवाणा आजार आहे. पोटात मुरडा, अन्नाची शिसारी, रोजचा ताप, जुलाब, माणूस हाडांचा सापळा होतो. शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला येतं ते नुसतं कपाळावर ओली पट्टी ठेवणं नसतं. भांडी, कपडे, वास, रात्री चार वेळा उठणं. पेशव्यांच्या घरी नोकरचाकर असणार हे खरं, पण खोलीतला वास काही नोकरांना वाटून देता येत नाही.

कादंबरीतलं आजारपण मला त्यामानाने स्वच्छ वाटलं. ही देसाईंचीच गोष्ट नाही, क्षयाला सगळीकडच्या लेखकांनी असं सुंदर करून ठेवलं आहे. माणूस फिकट होतो, डोळे मोठे दिसतात, शहाणपणाचं बोलतो आणि जातो. वॉर्डात असं कधी पाहिलं नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला, पहिलं चालणारं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. ‘स्वामी’ १९६२ची. तेव्हाच्या वाचकाच्या घरात क्षयाने गेलेला काका, मावशी, कोणीतरी असायचंच. औषध थोडं आधी आलं असतं तर वाचला असता असा माणूस. त्या पिढीने शेवटचा भाग वाचताना माधवरावांच्या जागी कोणाकोणाला पाहिलं असेल. आपण तो भाग वाचतो तेव्हा मधली ही पायरी नसते, म्हणून आपली नजर सरळ चितेवर जाते असं मला वाटतं.

सांजवात

डॉक्टर, हे मला सुचलंच नसतं. माझ्या आजीच्या दोन बहिणी क्षयाने गेल्या आणि तिची ‘स्वामी’ची प्रत अजून आमच्याकडे आहे. बांधणी सुटलेली, मधली पानं नव्यासारखी, आणि शेवटची वीसेक पानं कोपऱ्यांशी इतकी मऊ पडलेली की उलटताना जपावं लागतं. ती शेवटच वाचत असणार पुन्हा पुन्हा. मी ते सतीच्या ओढीने वाचलेलं समजत होते.

कोरा_कागद

शेवटाबद्दल थेट बोलूया का?

मला तो शेवट आज वाचवत नाही, आणि ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर मला मान्य नाही. कारण तो काळ तसा नव्हता. निदान त्या घरात तरी सरसकट तसा नव्हता.

पहिले बाजीराव १७४० मध्ये गेले. काशीबाई सती गेल्या नाहीत. पुढे कितीतरी वर्षं जगल्या, मस्तानीच्या मुलाचं, समशेर बहादूरचंही त्यांनी केलं. नानासाहेब १७६१ मध्ये गेले, गोपिकाबाई सती गेल्या नाहीत. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, पार्वतीबाई सती गेल्या नाहीत. त्यांनी तर नवरा गेला हेच मान्य केलं नाही आणि सौभाग्यलेणं उतरवलं नाही. घराबाहेर पाहा. १७५४ मध्ये कुंभेरीला खंडेराव होळकर पडले तेव्हा अहिल्याबाईंना मल्हाररावांनी अडवलं. त्याच्याही आधी शहाजीराजे गेल्यावर जिजाबाईंना शिवरायांनी अडवलं. उलट उदाहरणही सांगते, नाहीतर लबाडी होईल. चिमाजीअप्पांच्या मागे त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या.

म्हणजे दोन्ही वाटा त्या घराला माहीत होत्या. रमाबाईंच्या आजूबाजूला विधवा होऊन जगलेल्या, मानाने जगलेल्या बायका होत्या. थोरली सासू गोपिकाबाई तर शेवटी नाशिकजवळ गंगापूरला राहत होत्या. मग रमाबाईंनी ही वाट का धरली? मूल नव्हतं म्हणून? राघोबादादा आणि आनंदीबाईंच्या राज्यात आपलं काय होईल या भीतीने? खरंच प्रेमाने? की कोणीतरी सुचवलं? हा प्रश्न म्हणजे कादंबरीचं सोनं होतं. देसाईंनी तो विचारलाच नाही. ‘प्रेम’ असं एकच उत्तर आधीच लिहून टाकलं.

माझी तक्रार सती दाखवली ही नाही. तिला दुसरं काही करता आलं असतं हे दाखवलं नाही, ही आहे.

तिरकस

कोरा_कागद यांना दंडवत. या वेळी तिरकस काही सुचत नाही.

उगाचच

मुद्दा जोरदार आहे, पण एक विचारतो. १९६२च्या लेखकाकडून एकविसाव्या शतकातली नजर मागायची का?

कोरा_कागद

उगाचच, सतीबंदी १८२९ची आहे, तीही आपल्याच लोकांनी झगडून मिळवलेली. १९६२ म्हणजे त्यानंतर एकशे तेहेतीस वर्षं. विसाव्या शतकातली नजर १९६२च्या लेखकाकडे असणारच, तो विसाव्या शतकातलाच होता. :)

मात्र एक मान्य. १९८७ मध्ये राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांच्या मुलीला चितेवर बसवलं गेलं आणि त्यानंतरच्या कायद्यात सतीचं उदात्तीकरण हाही गुन्हा ठरला. आपण त्या घटनेच्या या बाजूला उभे राहून वाचतो. १९६२च्या वाचकाला सती म्हणजे पोथीतली, संपलेली गोष्ट वाटत असणार. त्याला त्यात धग जाणवली नसेल. मला जाणवते.

घाटमाथा

‘थोरली सासू’ यावरून आठवलं. गोपिकाबाईंवर या कादंबरीने अन्याय केला आहे असं कोणाला वाटत नाही का? करारी, पाताळयंत्री, मुलाशी फटकून वागणारी अशीच त्यांची आठवण राहते. पण त्या बाईंचं १७६१ साल डोळ्यांपुढे आणा. जानेवारीत थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर गेला, जूनमध्ये नवरा गेला. राहिलेल्या पोराला गादीवर बसवून दिराच्या कारवायांपासून जपायचं. आणि तोच पोरगा पुढे माहेरच्या रास्त्यांना झुकतं माप द्यायला नकार देतो. ती रागावून गंगापूरला गेली यात राक्षसी काय आहे? पुढे माधवराव गेले, वर्षाच्या आत नारायणराव गेले. तिन्ही मुलगे. या बाईवर प्रेमाची कादंबरी कोणी लिहिली नाही, कारण ती कोणाच्या मागे मेली नाही, १७८८पर्यंत जगली.

पिवळी_पानं

घाटमाथा, शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही.

सुपारी

मी थोडी वेगळी बाजू मांडते. पस्तिशीची आहे, नवरा मर्चंट नेव्हीत, वर्षातले सात-आठ महिने बाहेर. मला ही कादंबरी फक्त वाट बघण्यासाठी आवडते. शेवटाच्या आधीचा सगळा भाग. माणूस यायच्या आधीचे दोन दिवस आणि आल्यावरचा पहिला दिवस. आल्या आल्या दोघांना नीट बोलता येत नाही. तो अजून तिथल्याच विचारात असतो आणि आपण सांगायच्या गोष्टींची यादी विसरलेलो असतो. जमेपर्यंत निघायची तारीख येते. हे ज्याला माहीत आहे त्याला ‘स्वामी’तला संसार एकसुरी वाटणार नाही. रमाबाई चिडत नाहीत म्हणता, पण चिडायला सुद्धा चार दिवस हातात लागतात. पहिल्याच दिवशी भांडायचं कसं?

बाकी सती वगैरेबद्दल कोरा_कागद यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी शेवटची पानं वाचतच नाही. माधवराव गेले की पुस्तक मिटते.

सांजवात

सुपारी, ‘चिडायला सुद्धा चार दिवस हातात लागतात’ हे मी गटात तुमचं नाव न घेता सांगणार आहे, आताच परवानगी मागते.

सुपारी

घ्या की. आयडीसकट घ्या.

वाडा_चिरेबंद_नाही

कोणी ‘राऊ’शी तुलना करा ना. इनामदारांची ‘राऊ’ १९७२ची, म्हणजे बरोबर दहा वर्षांनी. तिथे बाजीराव-मस्तानी, त्यामुळे अडसर डोळ्यांपुढे आहे : घर, धर्म, भाऊ, आई. मला प्रेमकथा म्हणून ‘राऊ’ जास्त पकड घेते. सिनेमा आल्यावर तर नव्या पोरांनीही वाचली.

मोडीवाचक

तुलना रंजक आहे. मस्तानीबद्दलही खात्रीचं फार थोडं हाती आहे, तिच्या जन्मापासून वाद आहेत. पण तिच्या बाबतीत विरोधाचे कागद आहेत. १७४०च्या सुरुवातीला तिला पुण्यात अडकवून ठेवलं, बाजीराव मोहिमेवर गेले आणि २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. ज्या माणसाला घर नाकारतं त्याचा ठसा नाकारणाऱ्यांच्या पत्रांत तरी राहतो. रमाबाईंना कोणी नाकारलं नाही, त्यामुळे तेवढाही ठसा राहिला नाही. म्हणून इनामदारांना भांडण मिळालं, देसाईंना शांतता मिळाली. शांततेवर तीनचारशे पानं लिहिणं जास्त कठीण, हे श्रेय मी देसाईंना देईन.

जुनाजाणता

‘राऊ’साठी वेगळा धागा काढा, नाहीतर हा पाचशे प्रतिसादांवर जाईल आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

मूळ मुद्द्यावर माझे दोन पैसे. शेवट काढला तर प्रेमकथा उरते का, असं सांजवातने विचारलंय. माझ्या मते माधवराव हे पात्र प्रेमकथेचा नायक म्हणून अपुरं आहे. तो माणूस हिशेबी होता, तापट होता, कामात बुडालेला होता. पानिपतानंतर दौलत कर्जात, सरदार आपापल्या वाटेला लागलेले, निजामाने १७६३ मध्ये पुणं जाळलेलं, तिथून दहा वर्षांत मराठे पुन्हा दिल्लीत पोचले, १७७२च्या जानेवारीत बादशहा शाहआलमला महादजींनी तख्तावर नेऊन बसवलं. पानिपतापेक्षाही या पेशव्याच्या अकाली मृत्यूने मराठ्यांचं जास्त नुकसान झालं, असं ग्रँट डफ लिहून गेला. असा माणूस बायकोशी हळुवार बोलत असेल की नसेल, देव जाणे. देसाईंनी त्याला हळुवार केला, कारण त्याशिवाय आपण त्याच्या मरणाला इतके हललो नसतो. आपण ज्याला प्रेमकथा म्हणतो ती माधवरावांबद्दल हळहळ वाटावी यासाठी रचलेली सोय आहे. रमाबाई त्यात डोळ्यातलं पाणी म्हणून आहेत. कडू वाटेल, पण माझं प्रामाणिक मत.

उगाचच

जुनाजाणते, वर ‘काही बोलायचं नाही’ म्हणालात ना?

जुनाजाणता

आवडत्या माणसाशीच भांडतो आपण.

डॉ_निवांत

सोय म्हणून रचली असली तरी ती सोय अकरा वर्षं पुरते, म्हणजे चांगली रचली आहे. थेऊरला मागे कधीतरी गेलो होतो. अष्टविनायकाच्या गर्दीतली दहा माणसं सोडली तर नदीकाठच्या सतीच्या वृंदावनाकडे कोणी वळत नाही. तिथे जी दहा वळली होती त्यातल्या एक आजी नातीला गोष्ट सांगत होत्या, आणि ती सांगत होत्या ती कादंबरीतली होती, संवादासकट. नातीने मध्येच विचारलं, “पण मग ती घरी का नाही गेली?” आजी म्हणाल्या, “चल, गाडी सुटेल.”

कोरा_कागद

डॉक्टर, ती नात कुठे भेटली तर तिला कादंबरी लिहायला सांगा.

सांजवात

सगळ्यांचे आभार. गटासाठी मी असं ठरवते आहे : पहिला अर्धा तास घाटमाथांचा काका-पुतण्या, कारण त्यावर आमच्याकडची पुरुषमंडळी बोलती होतील. मग सुपारीचं वाट बघणं. शेवटाच्या दिवशी कोरा_कागद यांनी दिलेली यादी फळ्यावर लिहायची : काशीबाई, गोपिकाबाई, पार्वतीबाई, अन्नपूर्णाबाई, रमाबाई. आणि मग शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायचं. सुपारीसारखं मिटून ठेवायचं नाही, वाचायचंच, असं माझं मत.

एकच अडचण. मोठ्याने वाचणार कोण? मी वाचलं तर आवाज कडवट येईल आणि ते देसाईंवर अन्याय होईल.

उगाचच

ज्याला मनापासून आवडतं त्याने वाचावं. तुमच्या गटात माझ्यासारखा एखादा असेलच. त्याला वाचू द्या, कोणी मध्ये बोलू नका, संपलं की काय धोपटायचं ते धोपटा.

मोडीवाचक

पार्वतीबाईंवर काही हवं असेल तर व्यक्तिगत निरोप करा. १७७६च्या तोतयाच्या भानगडीत त्यांचं नाव येतं, नवरा जिवंत आहे असं मानणाऱ्या बाईपुढे नवऱ्याचं सोंग घेतलेला माणूस उभा राहतो. तिच्यावर चांगली प्रेमकादंबरी होऊ शकते.

तिरकस

लिहा मग. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.